खटला थांबवू नका म्हणता? मग नकाराचा हिशेब द्या





२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवारची सकाळ. जनाबियात एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं नाश्त्याला जमलो होतो. बहारीनचा ऑगस्ट, त्यामुळे बाहेर बसायची सोय नव्हती. आत एसी, पोहे, चहा आणि गप्पा. त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं होतं. आमच्यातली निम्मी मंडळी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची, म्हणून सगळे खुशीत. एक काका म्हणाले, "आता तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायला नको. केसेस पटापट निघतील बघा."

त्यावरून गाडी मालेगावच्या निकालावर गेली. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा माणसं गेली आणि ३१ जुलै २०२५ ला, म्हणजे जवळपास १७ वर्षांनी, सातही आरोपी निर्दोष सुटले. तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले होते. एक मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही पुरोगामी लोक म्हणता, उशीर झाला की खटला थांबवा. म्हणजे गुन्हेगारांची चांदीच की! आणि दोष नसेल तर माणसाने भ्यायचं कशाला? चालू द्यायची केस."

हे त्याने माझ्याकडे बघून म्हणावं याला कारण आहे. मी १४ वर्षं एका फौजदारी खटल्यात आरोपी क्रमांक दोन होतो. इथल्या मित्रांना ते ठाऊक आहे. तेव्हा माझा यात स्वार्थ होता हे आधीच कबूल करतो. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. पोहे गार झाले आणि विषय बदलला. ते उत्तर आज लिहितो आहे.

केस अगदी क्षुल्लक होती

मे २००९. मी सुट्टीवर गावी होतो. चुलत भावकीशी बांधावरून जुना वाद. एका सकाळी बाचाबाची झाली. शिवी मी दिली होती, खोटं कशाला सांगू? हात मात्र कुणी उचलला नव्हता. संध्याकाळपर्यंत पोलिसांत फिर्याद झाली: शेतात घुसणे, नासधूस, मारहाण, शिवीगाळ, धमकी. माझे थोरले बंधू आरोपी एक, मी दोन आणि आमचा सालगडी आरोपी तीन. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो. तात्यांचा गुन्हा एवढाच की ते त्या वेळी औत सोडून आमच्याजवळ येऊन उभे राहिले.

या सगळ्या कलमांना मिळून जास्तीत जास्त शिक्षा होती दोन वर्षं. दोषारोपपत्र २०११ साली दाखल झालं. निकाल लागला २०२३ साली.

परदेशात राहणाऱ्याला 'केस चालू आहे' याचा अर्थ पासपोर्टच्या वेळी कळतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार भारतात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने त्यातून एक वाट काढून दिली आहे: ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी आणा. कोर्टाने मुदत लिहिली तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट आणि नाही लिहिली तर एक वर्षाचा. माझ्या कोर्टाने मुदत लिहिली नाही. झालं! दरवर्षी वकिलांना फोन, दरवर्षी अर्ज, दरवर्षी एक वर्षाचा पासपोर्ट. इथला राहण्याचा परवाना त्याच पासपोर्टवर. दरवर्षी कंपनीतल्या माणसाला तीच कहाणी सांगायची आणि त्याने तशाच नजरेने बघायचं. घर घेण्यासाठी कर्ज, मुलीच्या शिक्षणासाठी दुसऱ्या देशाचा व्हिसा, सगळीकडे तो एक रकाना आडवा: 'आपल्यावर फौजदारी खटला आहे काय?'

पण माझं दुःख या गोष्टीत दुय्यम आहे. माझ्यासाठी वकील दर तारखेला हजेरी माफीचा अर्ज देत होते. तात्यांना ते कुठून परवडणार? २०१२ नंतर ते आमच्याकडे कामालाही नव्हते, रोजंदारीवर जायचे. तारीख असली की त्यांचा रोज बुडायचा. पहाटेची एसटी, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात, संध्याकाळी पुढची तारीख. एकदा सुगीत ते गेले नाहीत, तर वॉरंट निघालं आणि म्हातारा माणूस पुन्हा जामीनदार शोधत हिंडला.

रोजनामा काय सांगतो

२०१६ साली मी रजा काढून गावी गेलो आणि वकिलांकडून पूर्ण रोजनाम्याची नक्कल घेतली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद म्हणजे रोजनामा. आम्ही हिशेबाची माणसं, मी त्याचं कोष्टक केलं. दोषारोपपत्रापासून ५२ तारखा झाल्या होत्या. त्यांत १९ वेळा साक्षीदार आले नाहीत किंवा समन्स बजावलंच गेलं नव्हतं. ११ वेळा न्यायाधीश रजेवर, बदलीवर किंवा जागा रिकामी. ८ वेळा सरकारी वकील गैरहजर किंवा त्यांनी मुदत मागितली. ६ वेळा वकिलांचं कामकाज बंद. ५ वेळा किरकोळ कारणं. आमच्या वकिलांनी मुदत मागितली ती ३ वेळा.

फौजदारी प्रक्रिया संहितेत २५८ हे एक कलम होतं. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते २८१ म्हणून कायम आहे.) पोलिसांनी दाखल केलेल्या कमी शिक्षेच्या, म्हणजे समन्स प्रकारच्या खटल्यात मॅजिस्ट्रेटला कारणं नोंदवून खटला मध्येच थांबवता येतो. आम्ही तो अर्ज दिला आणि सोबत माझं कोष्टक जोडलं. आदेश आला चार ओळींचा. आरोपी क्रमांक दोन परदेशात असतो, वारंवार गैरहजर असतो, खटला जुना आहे म्हणून तो चालवणंच योग्य, अर्ज नामंजूर.

म्हणजे बघा, मी कोर्टाच्या परवानगीने गैरहजर होतो. माझ्या गैरहजेरीमुळे एकही तारीख पुढे गेली नव्हती. तरी विलंब माझ्या खाती जमा झाला! आणि खटला जुना झाला हेच तो चालू ठेवण्याचं कारण ठरलं. कोष्टकाबद्दल आदेशात एक अक्षर नव्हतं.

सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज केला. तिथे सांगितलं की हा अंतरिम आदेश आहे, त्यावर फेरतपासणी चालत नाही. मग उच्च न्यायालय. २०१८ साली तिथे स्थगिती मिळाली. वकिलांनी अभिनंदनाचा फोन केला, मीही पेढे वाटले. त्यानंतर ते प्रकरण बोर्डावर येईना. मध्ये कोरोना आला. २०२१ साली तात्या वारले. २०२२ साली आमची याचिका निकाली निघाली: खटला थांबवायला नकार, मात्र सहा महिन्यांत संपवा असा आदेश. २०२३ साली फिर्यादी चुलतभाऊ साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, फार वर्षं झाली, आता नक्की आठवत नाही. आम्ही निर्दोष सुटलो. साक्ष अर्ध्या तासात संपली होती.

तात्यांच्या नावापुढे रोजनाम्यात 'मयत, त्यांच्यापुरता खटला संपुष्टात' एवढी नोंद आहे. ते निर्दोष ठरले नाहीत. त्यांच्याबद्दल कोर्टाने काहीच ठरवलं नाही.

कायदा तर आपल्या बाजूने आहे

आता यात गंमत अशी, आणि खरं तर संताप यावा असं हेच आहे, की कायदा या बाबतीत वाईट नाही. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात, बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं सडणाऱ्या माणसांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेत खटला चालणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे.

या हक्काचे नियम ठरले ते आपल्या महाराष्ट्राच्याच एका गाजलेल्या खटल्यात. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांना सिमेंट वाटपाच्या प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. रामदास नायक यांनी त्यांच्याविरुद्ध खटला भरला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला. १९८८ साली सात न्यायमूर्तींनी तो आदेशच चुकीचा होता असं म्हणून मागे घेतला. मधल्या चार वर्षांचं काम पाण्यात! मग अंतुले म्हणाले, इतका उशीर झाला, आता खटला रद्द करा. १० डिसेंबर १९९१ रोजी घटनापीठाने तो रद्द करायला नकार दिला, पण नकार देताना विलंबाबद्दलचे नियम सविस्तर लिहून ठेवले.

त्या नियमांतले चार इथे देतो. एक, विलंबाची तक्रार आली की त्याचा खुलासा करण्याची जबाबदारी प्रामुख्याने सरकार पक्षाची. दोन, आरोपीने आपल्या हक्कासाठी प्रामाणिकपणे केलेले अर्ज म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. तीन, हक्काचा भंग झाला असेल तर खटला रद्द करणं हा नेहमीचा उपाय, पण एकमेव नाही. ठराविक मुदतीत खटला संपवण्याचा आदेश देता येतो, शिक्षा कमी करता येते. चार, उच्च न्यायालयाने अशी तक्रार ऐकायला घेतली तरी एरवी खटल्याला स्थगिती देऊ नये आणि ती तक्रार प्राधान्याने निकाली काढावी.

आता माझ्या केसशी ताडून बघा. खुलासा सरकार पक्षाला कुणी विचारलाच नाही. माझे हजेरी माफीचे अर्ज माझ्याविरुद्धच गेले. मुदतीचा आदेश निघाला, पण सहा वर्षं उशिरा. आणि स्थगिती देऊ नये असं १९९१ साली सांगितलेलं असताना ती दिली गेली आणि चार वर्षं पडून राहिली. उशिराविरुद्धचा उपायच आणखी उशीर झाला. चारही नियम पुस्तकात होते, एकही माझ्या रोजनाम्यात उतरला नाही.

माझी केस अपवाद आहे असं कुणाला वाटत असेल तर रंजन द्विवेदी यांची बघा. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांची जानेवारी १९७५ मध्ये समस्तीपूरच्या स्फोटात हत्या झाली. त्यातले हे एक आरोपी. अंतुल्यांबरोबर त्यांचीही याचिका १९९१ साली निकाली निघाली होती आणि खटला रोजच्या रोज चालवा असं सांगितलं गेलं होतं. २१ वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, ते पुन्हा सर्वोच्च न्यायालयात उभे होते, कारण खटला अजून संपलेला नव्हता! तोवर वीसहून अधिक न्यायाधीशांनी तो हाताळला होता. न्यायालयाने पुन्हा थांबवायला नकार दिला. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये त्यांना आणि आणखी तिघांना दोषी धरून जन्मठेप झाली. घटनेनंतर जवळपास ४० वर्षांनी.

ते दोषी होते की नव्हते, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की दोन वेळा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि पहिल्या नकाराबरोबर दिलेला शब्द पाळला गेला नाही, तरी त्याची काहीही किंमत कुणी मोजली नाही. दोषी असतील तर मिश्रांच्या कुटुंबाने न्यायासाठी ४० वर्षं का थांबावं? निर्दोष असते तर त्या ४० वर्षांचं काय?

मुदत ठरवायची की नाही?

मधल्या काळात काही न्यायमूर्तींनी सरळ कालमर्यादा घालून पाहिल्या. १९९६ चा कॉमन कॉज खटल्याचा निकाल आणि १९९८ चा राजदेव शर्मा खटल्याचा निकाल हे ते प्रयत्न. अमुक वर्षं झाली की आरोपीला सोडा किंवा सरकार पक्षाचा पुरावा बंद करा. २००२ साली सात न्यायमूर्तींनी पी. रामचंद्र राव खटल्यात ते रद्द केलं. अशा मुदती घालणं हे कायदेमंडळाचं काम आहे, न्यायालयाचं नाही, असं ते म्हणाले. मला हे पटतं. पण त्याच निकालात खालच्या कोर्टांना सांगितलं होतं की कलम २५८ सारखे जे अधिकार तुमच्याकडे आहेत ते वापरा. पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. दुसरा विसरला गेला.

स्थगितीचंही तसंच. २०१२ साली इम्तियाज अहमद प्रकरणात उच्च न्यायालयांनी स्थगिती दिलेल्या फौजदारी खटल्यांची माहिती सर्वोच्च न्यायालयाने मागवली, तर वीस वर्षांहून जुन्या स्थगित्याही निघाल्या. २०१८ साली सांगितलं की स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी तेही मागे घेतलं. त्यांचं कारण योग्य होतं: प्रकरण बोर्डावर आलं नाही हा पक्षकाराचा दोष नसतो, त्याची शिक्षा त्याला का? पण मग प्रकरण बोर्डावर न येण्याचा दोष कुणाचा? त्याचं उत्तर अजून मिळायचं आहे.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर

आता त्या शुक्रवारच्या प्रश्नाकडे येतो. उशीर झाला की खटला थांबवा, असं मी म्हणतो का? नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला. निकाल १० मे २०२४ ला लागला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. मधल्या काळात एखादा आरोपी म्हणाला असता की उशीर झाला, खटला बंद करा, तर आपण कुणी ते मान्य केलं असतं का? मी केलं नसतं. मालेगावात ज्यांची माणसं गेली त्यांना १७ वर्षांनी निर्दोष निकाल मिळाला हे जेवढं वाईट, त्याहून खटलाच न चालणं वाईट झालं असतं. कौटुंबिक छळाच्या केसेस आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत आहेत. तिथेही नवऱ्याकडचे लोक विलंबाबद्दल बोलतात, पण तक्रार करणारी बाईही त्याच तारखांत अडकलेली असते. तिलाही तो खटला संपायला हवा असतो, बंद पडायला नको असतो.

मग प्रश्न कुठे आहे? आपली कोर्टं दोनच पर्याय समोर ठेवतात: खटला रद्द, नाहीतर काहीच नाही. रद्द करणं गंभीर वाटतं म्हणून हात आखडतो आणि मग आरोपीच्या पदरी काहीच पडत नाही. अमेरिकेतही हेच झालं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या बार्कर खटल्यात विलंब मोजण्याचे चार निकष दिले: किती उशीर, कारण काय, आरोपीने तक्रार केली का, त्याचं नुकसान काय झालं. आपल्या १९९१ च्या निकालावर त्याची स्पष्ट छाया आहे. पण तिथे हक्क मोडला असं ठरलं तर आरोप रद्द करणं हा एकच उपाय आहे, म्हणून न्यायाधीश हक्क मोडला असं म्हणायलाच कचरतात. कॅनडाने दुसरं टोक गाठलं. २०१६ च्या जॉर्डन निकालात खालच्या कोर्टासाठी १८ महिने आणि वरच्या कोर्टासाठी ३० महिने अशी कमाल मर्यादा घातली आणि ती ओलांडली तर समर्थन सरकारने करायचं. खुनाचेही काही खटले बंद झाले आणि गदारोळ झाला. टोरोंटोच्या मित्रांना आठवत असेल.

मला मॉरिशसचा मार्ग सर्वात शहाणा वाटतो. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज जिथे आजही राहतात तो हा देश. तिथलं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. २००६ साली बुलेल खटल्यात त्यांनी सांगितलं की वाजवी वेळेत सुनावणी झाली नाही तर तेवढ्यानेच घटनेतल्या हक्काचा भंग झाला, आरोपीचं वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. मात्र तेवढ्यावरून खटला थांबवायचा नाही. न्याय्य सुनावणी आता अशक्य असेल किंवा त्या माणसावर खटला चालवणंच अन्यायाचं असेल तरच थांबवायचा. एरवी दुसरी योग्य भरपाई द्यायची. म्हणजे आधी भंग झाला हे मान्य करा, मग उपाय ठरवा. आपल्याकडे उपाय परवडत नाही म्हणून भंगच झाला नाही असं म्हणतात.

आणि विलंबाचा बचाव श्रीमंतांना सोयीचा आहे, हा आक्षेप? अर्धा खरा आहे. अंतुले मुख्यमंत्री होते, त्यांच्याकडे नामवंत वकील होते. मीही त्याच बाजूचा. पण देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. ते मुख्यमंत्री नाहीत, ते तात्या आहेत. भीमा कोरेगाव प्रकरणातली अटकसत्रं २०१८ च्या जूनमध्ये सुरू झाली. प्रा. शोमा सेन यांना जामीन मिळाला एप्रिल २०२४ मध्ये. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले, आरोप निश्चितही झालेले नसताना. श्रीमंताला विलंब परवडतो आणि गरिबाला तो शिक्षेसारखा भोगावा लागतो. म्हणूनच विलंबाचा हिशेब मागणं हे आपल्यासारख्यांचं काम आहे, ते गुन्हेगारांच्या वकिलांवर सोडून चालणार नाही.

न्यायाधीश कमी आहेत, हे उत्तर नेहमी मिळतं. ते खरंच कमी आहेत. विधी आयोगाने १९८७ साली दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं, २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पाच वर्षांत करा म्हटलं, आणि आजही आकडा पंचवीसच्या आतच आहे. जिल्हा-तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणं पडून आहेत. पण हे विलंबाचं कारण झालं, समर्थन नव्हे. सरकारने न्यायाधीश नेमले नाहीत याची किंमत तात्यांनी बुडालेल्या रोजांतून का भरायची?

मागायचं काय?

नवा कायदा मी मागत नाही. १९९१ च्या निकालातलंच मागतो आहे.

१. विलंबामुळे खटला थांबवायचा अर्ज नाकारताना आदेशातच तारखांचा हिशेब हवा: कोणत्या तारखा कुणामुळे गेल्या. सरकार पक्षाचा खुलासा त्यात हवा. तो नसेल तर वरच्या कोर्टाने तेवढ्या एका कारणासाठी तो आदेश रद्द करून परत पाठवावा.

२. परवानगीने घेतलेली गैरहजेरी आरोपीच्या खाती धरू नये. परदेशी राहणाऱ्यांच्या आणि रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या, दोघांच्याही.

३. नकार दिला तर त्यासोबत काहीतरी द्यायलाच हवं: निश्चित मुदत, जामीन, हजेरीतून कायमची सूट, पासपोर्टसाठी पुरेशा मुदतीची परवानगी, दोषी ठरल्यास शिक्षेत कपात. आणि दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या खटल्यात साक्षीदारच येत नसतील तर कलम २८१ खाली तो थांबवण्याचं धाडस.

४. उच्च न्यायालयाने अशा याचिकेत खटल्याला स्थगिती देऊ नये. याचिका आणि खटला दोन्ही चालू राहू द्यावेत, याचिका ठराविक महिन्यांत संपवावी.

कोल्हापूरचं बेंच झालं याचा मला आनंदच आहे. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचं अंतर कमी झालं. पण बेंच जवळ आलं म्हणून रोजनामा वाचला जाईल असं नाही. तो वाचायला लावावा लागेल.

आणि आपण काय करायचं? ज्यांच्या घरातली एखादी केस गावच्या कोर्टात पडून आहे त्यांनी आधी रोजनामा मिळवा. तो आता बऱ्याच ठिकाणी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दिसतो. तारखा मोजा, कोष्टक करा, अर्जाला जोडा. स्थगिती मिळाली म्हणून माझ्यासारखे पेढे वाटू नका. 'मुदत द्या' म्हणा. आणि तुमच्याबरोबर जो सहआरोपी आहे, ज्याला वकील परवडत नाही, त्याचं नाव त्याच अर्जात घाला. मी २०१६ चा अर्ज माझ्या एकट्याच्या नावाने दिला होता. माझा पासपोर्ट, माझी नोकरी, माझी मुलगी, हेच त्यात होतं. तात्यांचे बुडालेले रोज त्यात लिहावेत हे मला सुचलं नाही, वकिलांनाही नाही. ते लिहिले असते तर निकाल बदलला असता असं म्हणत नाही. पण कुणाचं किती गेलं ते कागदावर तरी आलं असतं.

दोष नसेल तर भ्यायचं कशाला, असं मित्र म्हणाला होता. तात्या भीत नव्हते. सुगीतली ती एक तारीख सोडली तर ते प्रत्येक तारखेला हजर होते.

मतभेद असतील तर जरूर लिहा. जनाबियाला कधी आलात तर पोह्यांवर बोलूही.

आपला,
माजी आरोपी क्रमांक दोन